पुढचा पाय टेकल्यानंतर

चिखली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. आज तिथे टाटा मोटर्सचा मोटारींचा कारखाना आहे, लहान-मोठी वर्कशॉपं आहेत, आणि शेताच्या बांधाबांधाने उभ्या राहिलेल्या सोसायट्या आहेत. या सगळ्यातून उरलेल्या मोकळ्या प्लॉटवर सुटीच्या दिवशी टेनिस बॉलच्या स्पर्धा रंगतात. जाधववाडी, मोशी, तळवडे, सगळीकडे हेच चित्र. अशा स्पर्धांमध्ये एखादा पोरगा असा हमखास असतो, की त्याचा बॉल हातातून सुटला हे बॅट्समनला कळेपर्यंत मागे स्टंप पडलेला असतो. मग बघणारे म्हणतात, "याला सीझन बॉलवर घाला, हा आयपीएल खेळेल."

हे म्हणणाऱ्यांचा जीव त्या पोरात असतो, म्हणून त्यांचं म्हणणं गांभीर्याने घ्यायला हवं. टेनिस बॉलवर गडी उडवणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा व्यावसायिक क्रिकेटच्या दारात उभा राहण्याजोगा आहे का, हे नक्की काय पाहून ठरवायचं? मला वाटतं, आपण सगळे चुकीच्या क्षणाकडे पाहतो. आपण बॉल पाहतो. पाहायला हवा तो बॉल सुटण्याच्या आधीचा सेकंदाचा दहावा भाग.

वेगापासून सुरुवात करू, कारण लोकांच्या तोंडी पहिला आकडा तोच असतो. ताशी १४० किलोमीटर वेगाने सुटलेला बॉल एका क्रीझपासून दुसऱ्या क्रीझपर्यंतचं ५८ फुटांचं अंतर साधारण अर्ध्या सेकंदात कापतो. या वेगाला पर्याय नाही आणि तो सरावाने एका मर्यादेपलीकडे वाढवताही येत नाही, म्हणून निवड करणारे आधी स्पीड गनकडे बघतात. पण गन फक्त हातातून काय निघालं ते सांगते. ते काढायला शरीराने काय मोजलं, हे तिला माहीत नसतं. दिल्लीच्या मयंक यादवने २ एप्रिल २०२४ रोजी बंगळुरूमध्ये ताशी १५६.७ किलोमीटरचा बॉल टाकला आणि सगळा देश त्याच्या नावाने जागा झाला. आयपीएलच्या त्या मोसमात तो चारच सामने खेळू शकला. त्यानंतर पाठीने त्याला पुन्हा पुन्हा मैदानाबाहेर बसवलं. त्याच्या गुणवत्तेबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. तो आकडा खरा होता, फक्त अपुरा होता.

आता तो दहावा भाग. वेगवान गोलंदाज रन-अप घेतो, उडी मारतो, मागचा पाय टेकवतो, मग पुढचा पाय टेकवतो आणि बॉल सोडतो. पुढचा पाय टेकल्यापासून बॉल सुटेपर्यंत जेमतेम ०.१ सेकंद जातो. धावत आलेलं अख्खं शरीर त्या पायावर अडतं. जमीन तेवढ्याच जोराने वर रेटते, आणि हा रेटा शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट असतो. काही गोलंदाजांत त्याहूनही जास्त मोजला गेला आहे. सत्तर किलोच्या मुलाच्या एका पायावर साडेतीनशे-चारशे किलोचा भार येतो, तोही प्रत्येक बॉलला. दिवसात वीस षटकं टाकली तर एकशे वीस वेळा, आणि यात नेटमधले बॉल धरलेले नाहीत.

इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात वर्थिंग्टन, किंग आणि रॅन्सन यांनी वरच्या दर्जाच्या वीस वेगवान गोलंदाजांचं त्रिमितीय कॅमेऱ्यांनी मोजमाप करून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. गोलंदाजा-गोलंदाजांमधला वेगाचा जो फरक असतो, त्यातला जवळपास तीन-चतुर्थांश भाग चार गोष्टींनी उलगडतो, असं त्यांना दिसलं. रन-अपचा वेग, पुढच्या पायाचा गुडघा किती ताठ राहतो, पाय टेकल्यानंतर छाती किती झपाट्याने पुढे वाकते, आणि हात किती उशिरा वर येतो. दंडाचे स्नायू, खांद्याची रुंदी ही मंडळी त्या यादीत नाहीत. व्यायामशाळेत छाती फुगवून बॉल वेगाने पडत नाही, हे प्रत्येक तालुक्याच्या मैदानावर मोठ्याने सांगायला हवं.

या चारांत मला सगळ्यांत बोलका वाटतो तो गुडघा. पुढचा पाय खांबासारखा ताठ राहिला, तर पळण्यातून आलेली गती तिथे अडते आणि कंबर, छाती, खांदा, मनगट अशी वर चढत बॉलमध्ये उतरते. गुडघा वाकला, तर बरीच गती त्या वाकण्यातच जिरून जाते. टेनिस बॉल खेळणाऱ्या पोरांमध्ये गुडघा वाकलेला वारंवार दिसतो. खडबडीत जमिनीवर, साध्या बुटांत ताठ पाय टेकवला तर झटका थेट नडगीत आणि पाठीत जातो, म्हणून शरीर आपणहून गुडघा मऊ करतं. तो मुलगा चुकत नसतो, स्वतःला वाचवत असतो. चांगली खेळपट्टी, खिळ्यांचे बूट आणि मांडीची ताकद मिळाली की त्याच मुलाचा वेग कुणी काही न शिकवता वाढू शकतो. आणि त्याच क्षणी त्याच्या पाठीवरचा भारही वाढतो. वेग आणि दुखापत एकाच दारातून आत येतात.

पाठीचं गणित असं. गोलंदाजीच्या अॅक्शनचे ढोबळ तीन प्रकार मानतात. साइड-ऑन, म्हणजे मागचा पाय टेकताना खांदे आणि कंबर दोन्ही बाजूला वळलेले. फ्रंट-ऑन, म्हणजे दोन्ही बॅट्समनकडे. आणि तिसरा मिश्र प्रकार, ज्यात कंबर एकीकडे बघते आणि खांदे दुसरीकडे. मिश्र अॅक्शनमध्ये मागचा पाय टेकल्यावर खांदे आधी उलटे वळतात आणि मग सुलटे येतात. हे उलटं वळणं तीस अंशांच्या पुढे गेलं की धोका मानला जातो. कमरेच्या खालच्या मणक्यांच्या मागे हाडाचा एक अरुंद भाग असतो. वळणं, बाजूला झुकणं आणि मागे ताणणं हे तिन्ही एकाच वेळी, त्या पाच-सहापट भाराखाली घडलं, की त्या हाडात बारीक तडा जातो. उजव्या हाताने बॉल टाकणाऱ्याला तो बहुधा डावीकडे जातो. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. हा तडा एका बॉलने पडत नाही. आधी हाड आतून सुजतं, एमआरआयमध्ये ती सूज दिसते, आणि त्या टप्प्यावर थांबलं तर बराचसा त्रास टळतो. न थांबल्यास सहा महिने, कधी त्याहून अधिक काळ गोलंदाजी बंद.

डेनिस लिली १९७३ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर याच दुखण्याने कोसळला होता. पाठीला प्लास्टर घालून तो महिनोन्‌महिने बसला, अॅक्शन नव्याने बांधली आणि १९७४-७५ च्या अॅशेसमध्ये परतला. १९८७ मध्ये चेन्नईला एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झालं, तेव्हा भारतातल्या पोरांना शिकवायला हाच माणूस आला. त्याच वर्षी मुंबईचा एक चौदा वर्षांचा मुलगा वेगवान गोलंदाज व्हायचं म्हणून तिथे गेला आणि लिलीने त्याला बॅटिंगकडे लक्ष द्यायला सांगून परत पाठवलं. तो सचिन तेंडुलकर. पारखी नजर नकार देतानाही खेळाचं भलं करते.

लिलीची नजर सगळ्यांकडे नसते, पण फोन आहे. टीव्हीच्या प्रक्षेपणात सेकंदाला पंचवीस चित्रं असतात, म्हणजे पुढचा पाय टेकल्यापासून बॉल सुटेपर्यंत दोन किंवा तीन. त्यात काहीही कळत नाही. आज बऱ्याच फोनवर सेकंदाला २४० चित्रांचं स्लो मोशन मिळतं; त्यात हाच काळ चोवीस चित्रांत उलगडतो. फोन तिपाईवर ठेवून एकदा बाजूने आणि एकदा पंचांच्या मागून चित्रण करा. बाजूने गुडघा आणि छाती दिसेल. मागून दिसेल ते अधिक महत्त्वाचं: मागच्या पायाचा रोख, कंबर आणि खांद्यांची दिशा, आणि बॉल सुटताना कणा बाजूला किती झुकतो. चित्रण पहिल्या षटकाचं करा आणि नवव्या-दहाव्या षटकाचंही. दमलेलं शरीर खरं बोलतं. ताज्या अंगाने सुरेख दिसणारी अॅक्शन दमल्यावर मिश्र होत असेल, तर तो मुलगा अजून तयार नाही, मग गन काहीही दाखवो.

एक गोष्ट मात्र फोनवर ठरवायच्या भानगडीत पडू नये: फेकी गोलंदाजी. हात आडवा असताना कोपर जेवढा वाकलेला असेल, त्यापेक्षा बॉल सुटेपर्यंत तो पंधरा अंशांहून अधिक सरळ होता कामा नये, असा आयसीसीचा २००५ पासूनचा नियम आहे. त्याआधी वेगवान गोलंदाजांना दहा अंशांची सूट होती, मध्यमगतींना साडेसात आणि फिरकीपटूंना पाच. मोजमापात असं आढळलं, की निर्मळ समजले जाणारे कित्येक गोलंदाजही कोपर थोडा सरळ करतातच, आणि पंधरा अंशांच्या आतलं डोळ्याला दिसतच नाही. काहींचा कोपर जन्मतःच मागे झुकतो, तेही फेकल्यासारखं भासतं. म्हणून हे प्रयोगशाळेत, अंगावर खुणा लावून मोजतात. गावच्या स्पर्धेत "फेकतोय" म्हणून एखाद्या पोराला कायमचं उतरवून ठेवलं जातं, तेव्हा मला राग येतो. त्याला आधी मोजायला तरी पाठवा.

आता टेनिस बॉल आणि सीझन बॉल. टेनिस बॉल साठ ग्रॅमच्या आतला. सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ तिप्पट. हलक्या बॉलने हाताचा झपाटा येतो, यॉर्कर शिकता येतो, दहा रन वाचवायचे असताना डोकं थंड ठेवता येतं. या गोष्टी लहान नाहीत. पण मनगटामागे सीम सरळ ठेवणं, एकाच टप्प्यावर तीस-चाळीस बॉल टाकणं, जुन्या बॉलने काम काढणं हे तिथे येत नाही. आणि स्पर्धेत दोन-तीन षटकं टाकायची सवय असलेला मुलगा अचानक अकादमीत जाऊन आठवड्याला शंभर-दीडशे बॉल टाकायला लागला, तर ती वाढच त्याला मारक ठरते. ऑस्ट्रेलियातल्या वेगवान गोलंदाजांच्या अभ्यासात दिसलं आहे, की आधीच्या महिन्याच्या सरासरीच्या मानाने एखाद्या आठवड्यात भार एकदम वाढला, की दुखापतीचा धोका बहुधा पुढच्या आठवड्यात डोकं वर काढतो. मुलगा दुखापतीच्या दिवशी तक्रार करतो. चूक आधीच होऊन गेलेली असते.

आपल्याकडे हे भान नव्हतं तेव्हाची एक गोष्ट सांगायलाच हवी. मुंबईचे रमाकांत देसाई ठेंगणे होते, लोक त्यांना 'टायनी' म्हणत. १९५९ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी पदार्पण केलं तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते, आणि त्या एका डावात त्यांच्याकडून ४९ षटकं टाकून घेतली गेली. १६९ धावांत ४ बळी. कमरेतलं हाड पंचविशीच्या आसपास पक्कं होतं, हे आज माहीत आहे. त्या वयाच्या मुलाने एका डावात जवळजवळ तीनशे बॉल टाकले. ते २८ कसोटी खेळले, ७४ बळी घेतले आणि अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांचं कसोटी क्रिकेट संपलं. शेवटच्या कसोटीत, १९६८ मध्ये ड्युनेडिनला, जबडा फुटलेला असताना बिशनसिंग बेदींबरोबर त्यांनी शेवटच्या जोडीसाठी ५७ धावा जोडल्या. असा माणूस आजच्या देखरेखीत किती वर्षं टिकला असता, याचा विचार मी नेहमी करतो. उंची कमी म्हणून पोराला बाजूला काढणाऱ्या प्रशिक्षकांनीही देसाईंचं नाव विसरू नये.

महाराष्ट्र संघाचे पांडुरंग साळगावकर हे दुसरं नाव. सत्तरच्या दशकात देशातल्या सर्वांत वेगवान गोलंदाजांत त्यांची गणना व्हायची. ६३ प्रथम श्रेणी सामन्यांत २१४ बळी घेऊनही त्यांना कसोटी मिळाली नाही. तो फिरकीचा काळ होता. नवा बॉल लवकरात लवकर जुना करायचा हीच वेगवान गोलंदाजाची नोकरी होती. तयार असणं आणि वाव मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आजची मुलं त्या मानाने नशीबवान. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत ऋतुराज गायकवाड घडला. गहुंजेच्या मैदानावर २०२३ पासून महाराष्ट्र प्रीमिअर लीग भरते आणि फ्रँचायझींची माणसं तिथे वही उघडून बसतात. दार जवळ आलं, पण उंबरठा खाली आलेला नाही.

तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात चमकला आणि आयपीएलच्या लिलावात तीस लाखांच्या मूळ किमतीवरून दीड कोटीला चेन्नईने त्याला घेतलं. त्या पूर्ण मोसमात त्याला एकदाही खेळवलं नाही. तेव्हा महाराष्ट्रात बरीच नाराजी होती. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. ३१ मार्च २०२३ रोजी अहमदाबादला तो उतरला आणि ३६ धावांत ३ बळी घेतले. तीनच दिवसांनी चेन्नईच्या सामन्यात त्याच्या दोन षटकांत २४ धावा गेल्या. त्या सामन्यात चेन्नईच्या गोलंदाजांनी १३ वाइड आणि ३ नो-बॉल टाकले, आणि असंच चाललं तर यांना नव्या कर्णधाराच्या हाताखाली खेळावं लागेल, असं धोनीने सामन्यानंतर सुनावलं. धोनीचा मुद्दा अॅक्शनचाच होता. नो-बॉल हा पायाचा प्रश्न आहे. रन-अपची शेवटची चार पावलं दर वेळी तीच पडत नसतील, तर वरचं काहीच तेच राहणार नाही. त्या दिवशी नो-बॉल टाकणारा कल्याणचा तुषार देशपांडे त्याच मोसमात २१ बळी घेऊन गेला आणि पुढच्या वर्षी भारताकडून खेळला. पावलं दुरुस्त होतात. पाठ इतक्या सहज होत नाही.

मुकेश चौधरीकडे पाहा. भिलवाड्याचा हा डावखुरा मुलगा शिकायला म्हणून पुण्यात आला आणि महाराष्ट्राचा झाला. २०२१ मध्ये चेन्नईचा नेट बोलर, २०२२ मध्ये संघात. २१ एप्रिलला मुंबईविरुद्ध पहिल्याच षटकात रोहित शर्मा आणि ईशान किशन दोघांनाही शून्यावर काढलं. १ मे रोजी गहुंजेला हैदराबादविरुद्ध ४ बळी. ऋतुराजने ९९ केले तो हाच सामना. मोसमात १३ सामन्यांत १६ बळी. वय पंचविशीचं, सामन्यांचा अनुभव गाठीशी, म्हणजे कागदावर पूर्ण तयार. २०२३ चा मोसम त्याला पाठीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे घरी काढावा लागला.

म्हणूनच मी म्हणतो, 'तयार आहे का' हा प्रश्न एकदा विचारून संपत नाही. आपल्या भागातल्या वर्कशॉपात गो–नो गो गेज असतो. पार्ट त्यात बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. माणसाच्या शरीराला असा गेज लावता येत नाही, कारण आज बसणारं उद्या वाढतं, थकतं, बदलतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजातून येणाऱ्या क्वार्टरबॅकची पारख करताना पळण्याच्या वेळेपासून हाताच्या पंजापर्यंत सगळं मोजतात. इतकं मोजूनही २००० सालच्या निवडीत टॉम ब्रेडी हा क्वार्टरबॅक १९९ व्या क्रमांकापर्यंत कुणाला नको होता. तोच पुढे सात सुपर बोल जिंकला. चाळीस यार्ड पळायला त्याला लागलेले ५.२८ सेकंद अचूक मोजले होते; दबावाखाली पाय कुठे ठेवायचा आणि बॉल कधी सोडायचा, हे त्या घड्याळात येत नव्हतं.

बीसीसीआयनेही मोजमापं वाढवली आहेत: वेगवान गोलंदाजाने दोन किलोमीटर सव्वाआठ मिनिटांत पळावं, यो-यो चाचणी द्यावी, हाडांची डेक्सा तपासणी करावी. सोळा वर्षांखालील मुलांचं वय मनगटाच्या एक्स-रेवरून ताडतात, आणि हे फक्त लबाडी पकडायला नाही. हाडाचं वय कळल्याशिवाय भार ठरवताच येत नाही. हे सगळं हवं. पण मला विचाराल तर खरी परीक्षा एकोणीस वर्षांखालील मुलांच्या कूचबिहार करंडकाच्या चार दिवसांच्या सामन्यात होते. दुसऱ्या दिवशी, पाटा खेळपट्टीवर, बॉल पन्नास षटकं जुना, समोर ऐंशीवर खेळणारा फलंदाज, आणि कर्णधार चौथ्या स्पेलला बॉल हातात देतो. तेव्हा वेग पाच किलोमीटरने उतरला तर चालेल. अॅक्शन उतरता कामा नये.

अॅक्शन बदलायची झालीच तर कुणी आणि केव्हा, यालाही झहीर खानचा दाखला पुरेसा आहे. श्रीरामपूरचा झहीर सतराव्या वर्षी मुंबईला गेला, नॅशनल क्लबमध्ये सुधीर नाईकांनी त्याला पाहिलं, एमआरएफमध्ये टी. ए. शेखर यांनी हात फिरवला आणि २००० साली तो कसोटी खेळला. दुखापतींनी अंग खिळखिळं होऊन संघातून बाहेर पडल्यावर २००६ मध्ये तो वूस्टरशरकडून काउंटी खेळायला गेला. तिथे आठवड्यामागून आठवडा बॉल टाकावा लागतो. त्याने रन-अप आखूड केला, उडी आवरती घेतली, आणि त्या एका मोसमात ७८ बळी घेतले. तो बदल सत्ताविसाव्या वर्षी, स्वतःच्या शरीराला ओळखून केलेला होता. सतरा वर्षांच्या मुलावर हाच प्रयोग पहिल्या आठवड्यात करणारा प्रशिक्षक बहुधा त्याच्याकडची नैसर्गिक देणगीही घालवतो. अॅक्शन मिश्र असेल, पाठीला घातक असेल, तर ती ऑफ-सीझनमध्ये, सामने नसताना, तीन-चार महिने देऊन बदलावी. ती फक्त वेगळी असेल, तर तिला हात लावू नये.

चिखलीच्या त्या पोराच्या घरच्यांनी अकादमीची फी भरण्याआधी एक वही आणावी. रोज किती बॉल टाकले ते त्यात लिहावं: नेटमधले, सामन्यातले, रविवारच्या टेनिस बॉल स्पर्धेतलेही, कारण पाठीला स्पर्धा कुणाची होती हे कळत नाही. कमरेत एका बाजूला दुखलं तर तारीख टाकावी. आठवड्याची बेरीज आधीच्या महिन्याच्या सरासरीशेजारी मांडावी. ट्रायलला जाताना गनचे आकडे तिथले लोक काढतीलच; ही वही मात्र घरूनच न्यावी लागते, आणि ती मागून घेणारा प्रशिक्षक भेटला तर पोराला त्याच्याकडे ठेवावं.